पाना : सातपूरच्या एका अवजाराचा इतिहास

१/
नाशिकहून त्र्यंबकेश्वरकडे जाणाऱ्या रस्त्यावर सातपूरची औद्योगिक वसाहत लागते. हिरव्या पारदर्शक मुठीचा जो स्क्रूड्रायव्हर देशातल्या कुठल्याही गॅरेजात किंवा इलेक्ट्रिशियनच्या पिशवीत हमखास सापडतो, तो बनवणाऱ्या टपारिया टूल्सचा पत्ता हाच. पाना, पक्कड, पेचकस या वस्तूंना इतिहास असतो हे सहसा कुणाच्या मनात येत नाही. प्रत्यक्षात रेल्वे, महायुद्ध, दशमान पद्धती आणि स्वातंत्र्योत्तर औद्योगिकीकरण या चारही गोष्टींच्या खुणा एका साध्या पान्यावर आहेत. #थ्रेड

२/
आरंभ जुन्या नाशिकपासून. पेशवेकालीन वाड्यांचे लाकडी सांगाडे खाच आणि कुसू यांच्या जोरावर उभे राहत. तांबट आळीतली तांब्यापितळेची भांडी ठोकून, झाळून किंवा रिव्हेट मारून जोडली जात. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव तापवून चढवत. ती थंड होताना आकसे आणि चाकाला घट्ट आवळे. या साऱ्या जोडण्यांत एक साम्य होते. त्या पुन्हा पुन्हा उघडण्यासाठी केलेल्या नव्हत्या. उघडायच्याच झाल्या, तर काहीतरी तोडावे, कापावे किंवा तापवावे लागे.

३/
मळसूत्र मात्र आपल्याकडे अपरिचित नव्हते. कानातल्या कुडीची फिरकी हे त्याचेच रूप. कापसातून सरकी काढणाऱ्या लाकडी चरकीच्या दोन रुळांना परस्परविरुद्ध फिरवण्यासाठी मळसूत्री दाते वापरले जात. ‘पेच’ आणि ‘कस’ हे शब्दही फारसीतून आलेले: पेच म्हणजे पीळ, कस म्हणजे ओढणारा, आवळणारा. पण हाताने घडवलेली प्रत्येक फिरकी आपापल्याच जोडीदाराला बसे. एका कुडीची फिरकी दुसरीला लागेलच असे नसे. आज आपण गृहीत धरतो ती अदलाबदल तेव्हा अस्तित्वात नव्हती.

४/
ही अदलाबदल महाराष्ट्रात मोठ्या प्रमाणावर आली ती रेल्वेबरोबर. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली. १८६५ साली थळ घाटाची चढण पूर्ण झाली आणि मुंबई इगतपुरीमार्गे नाशिकशी जोडली गेली. रुळांची टोके जोडण्यासाठी दोन्ही बाजूंना लोखंडी पट्ट्या लावून त्यांतून बोल्ट घालत. गाडीच्या हादऱ्यांनी हे नट सैल होत. म्हणून लांब पाना आणि हातोडा घेऊन रूळमार्गावर चालत जाणारा कीमन नेमावा लागला. घाटातल्या प्रवाशाचा जीव त्याच्या पान्यावर अवलंबून असे.

५/
नट फिरवल्यावर नेमके काय होते? बोल्टवरचे आटे म्हणजे दांड्याभोवती गुंडाळलेली एक उतरण. नट त्या उतरणीवर चढू लागला की बोल्ट किंचित ताणला जातो. ताणलेला बोल्ट ताठ स्प्रिंगसारखा आकसू पाहतो आणि मधले दोन भाग एकमेकांवर दाबून धरतो. जोडणी टिकते ती या ताणामुळे. हाताच्या जोरापैकी ढोबळमानाने निम्मा नटाखालच्या घर्षणात आणि सुमारे ४० टक्के आट्यांतील घर्षणात खर्च होतो. बोल्ट ताणण्यासाठी उरतो जेमतेम दहावा हिस्सा.

६/
ही उधळपट्टी वाटेल, पण नट आपोआप उलटा फिरत नाही तो याच घर्षणामुळे. त्यातूनच एक व्यावहारिक धोका निर्माण होतो. आट्यांना तेल लागले की घर्षण घटते आणि तितक्याच जोरात बोल्ट अधिक ताणला जातो. गंज चढला की उलटे घडते: कारागिराला वाटते नट घट्ट बसला, प्रत्यक्षात बोल्ट पुरेसा ताणलेलाच नसतो. हाताला जाणवणारा घट्टपणा आणि जोडणीची खरी मजबुती यांत असे अंतर असते.

७/
आता पान्याची लांबी. पाना म्हणजे तरफ. २५ सेंटिमीटर लांबीवर २० किलोचा जोर लावला, तर साधारण ५० न्यूटन-मीटर पीळ मिळतो; लांबी दुप्पट केली की पीळही दुप्पट. सर्वसाधारण ताकदीच्या पोलादी बोल्टांपैकी ८ मिलिमीटर व्यासाच्या बोल्टला सुमारे २५ न्यूटन-मीटर पुरतो, तर १२ मिलिमीटरच्या बोल्टला सुमारे ८५ लागतो. व्यास दीडपट, पण पीळ तिपटीहून अधिक. म्हणून लहान मापाचा पाना आखूड आणि मोठ्या मापाचा लांब करतात. पान्याची लांबी ही मुळात मर्यादा आहे: सामान्य माणसाच्या हाताने बोल्ट तुटू नये यासाठी घातलेली.

८/
म्हणूनच पान्याच्या टोकाला पाइप अडकवून जोर लावणे धोक्याचे ठरते. आखणाऱ्याने विचारपूर्वक घातलेली मर्यादा पाइप मोडून टाकतो. मग बोल्ट तुटतो, पान्याचा जबडा फाकतो, किंवा पाना एकाएकी सुटून बोटे समोरच्या लोखंडावर आदळतात.

९/
नट षट्कोनीच का? पूर्वी चौकोनी नट सर्रास वापरले जात. त्यांचे कोपरे मजबूत, पण पाना पुन्हा लावण्यासाठी ९० अंश फिरवण्याइतकी जागा लागते. आठ बाजू केल्या तर जागा कमी लागते, पण कोपरे इतके बोथट होतात की पाना घसरू लागतो. सहा बाजू हा या दोहोंमधला तोडगा. ६० अंश फिरवले की पुढची बाजू हाती येते आणि कोपराही पकड देण्याइतका टोकदार राहतो.

१०/
दुतोंडी पान्याचा जबडा दांड्याच्या रेषेत सरळ नसून सुमारे १५ अंश कललेला असतो. यंत्राच्या अडचणीच्या कोपऱ्यात दांडा हलवायला ६० अंश जागा मिळत नाही. अशा वेळी नट ३० अंश फिरवायचा, पाना काढून उलटा करायचा आणि पुन्हा लावायचा. कल आता विरुद्ध बाजूला गेल्यामुळे जबडा नेमका पुढच्या बाजूंवर बसतो. एवढ्याशा तिरकेपणाने लागणारी जागा निम्मी होते. बारा खाचांचा रिंग पाना हेच काम न उलटता करतो; शिवाय तो साऱ्या कोपऱ्यांवर भार वाटतो, त्यामुळे घसरत नाही.

११/
हे सारे तेव्हाच उपयोगी, जेव्हा नट आणि पाना एकाच मापाचे असतील. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी इंग्लंडमध्येही प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे होते. १८४१ साली जोसेफ व्हिटवर्थने अनेक कारखान्यांतील स्क्रू गोळा करून, त्यांच्या सरासरीवर आधारलेले प्रमाण मांडले: आट्याचा कोन ५५ अंश आणि प्रत्येक व्यासाला इंचामागे ठरावीक आटे. ब्रिटिश रेल्वे आणि कारखान्यांनी ते स्वीकारले आणि साम्राज्याबरोबर ते हिंदुस्थानातही आले.

१२/
व्हिटवर्थच्या पान्यावरचा आकडा नवख्या माणसाला हमखास चकवतो. ‘१/२’ असे लिहिलेल्या पान्याचा जबडा अर्धा इंच नसतो. तो आकडा बोल्टच्या व्यासाचा; जबडा असतो ०.९२ इंच, म्हणजे सुमारे २३.४ मिलिमीटर. अमेरिकेत १८६४ साली विल्यम सेलर्सने ६० अंशांचा आटा सुचवला आणि तिथले मानक निराळ्या वाटेने गेले. पुढे अमेरिकी पान्यांवर नटाच्या समोरासमोरच्या बाजूंमधले अंतर लिहिण्याचा प्रघात पडला. युरोप खंडात मिलिमीटरचे राज्य होते. अशा रीतीने जगात पान्यांच्या तीन भाषा झाल्या.

१३/
या भेदाची किंमत दुसऱ्या महायुद्धात मोजावी लागली. ब्रिटन आणि अमेरिका एकाच बाजूने लढत होते, पण एकाचा बोल्ट दुसऱ्याच्या नटात बसत नव्हता. सुटे भाग आणि अवजारे यांचे दुहेरी साठे ठेवावे लागले. अखेर १९४८ साली अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी ६० अंशांच्या एकत्रित आट्याचे मानक मान्य केले. सतत तोफा ओढणाऱ्या सैन्यांना आट्याच्या पाच अंशांनी अडवले होते.

१४/
स्वतंत्र भारताच्या वाट्याला या तिन्ही भाषा एकाच वेळी आल्या. महिंद्रची विलीज जीप अमेरिकी मापांची. बुलेट मोटारसायकल ब्रिटिश मापांची. १९५४ पासून जमशेदपुरात बनू लागलेला टाटा-मर्सिडीज ट्रक, मुंबईतली फियाट आणि नंतर पुण्याची व्हेस्पा स्कूटर ही सारी मेट्रिक. मुंबई-आग्रा रस्त्यावरच्या एखाद्या गॅरेजात ही सगळी वाहने शेजारी शेजारी उभी राहत. मिस्त्रीला तीन संच बाळगावे लागत, किंवा जवळपासच्या मापावर वेळ मारून न्यावी लागे.

१५/
जवळपासची मापे कधी तारून नेतात, कधी घात करतात. पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर; त्यामुळे १९ चा आणि पाऊण इंचाचा पाना बहुधा एकमेकांची जागा घेतात. अर्धा इंच मात्र १२.७ मिलिमीटर. त्या नटावर १३ चा पाना लावला, तर ०.३ मिलिमीटरची फट राहते. तेवढ्यानेच जोर सपाट बाजूवरून कोपऱ्यावर सरकतो, कोपरा झिजतो आणि नट गोल होतो. गोल झालेल्या नटाला कुठलाच पाना चालत नाही. मग छिन्नी-हातोडा घ्यावा लागतो.

१६/
भारत सरकारने १९५६ साली वजने आणि मापे यांच्या प्रमाणांचा कायदा करून मेट्रिक पद्धती टप्प्याटप्प्याने आणली. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी चलनात आली. या बदलात नाशिकचा वाटा थेट होता: नव्या पैशांतील किमती असलेली भारताच्या नकाशाची टपाल तिकिटे नाशिक रोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापली गेली. मात्र तिकीट एका रात्रीत बदलता येते, यंत्र बदलता येत नाही. जुन्या मापांची यंत्रे आणखी कित्येक दशके चालत राहिली आणि त्यांच्यासाठी जुने पानेही लागत राहिले.

१७/
त्याच सुमारास नाशिकचे औद्योगिक रूप घडत होते. १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि सातपूरची वसाहत उभी राहिली. १९६४ मध्ये ओझरला सोव्हिएत परवान्याने मिग-२१ विमाने बांधण्याचा प्रकल्प आला. सोव्हिएत विमाने पूर्णतः मेट्रिक. तीर्थक्षेत्र आणि द्राक्षांचे गाव म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्यात फिटर, टर्नर, टूलमेकर अशा नव्या ओळखी जन्माला आल्या. शेतकरी घरांतली मुले आयटीआयमध्ये जाऊन मायक्रोमीटर वाचू लागली.

१८/
मापांच्या गोंधळावर जगात दोन उत्तरे निघाली होती. एक व्हिटवर्थचे: सर्वांनी एकच माप पाळावे. दुसरे असे, की पान्यानेच आपले माप बदलावे. सरकत्या जबड्याचे पाने इंग्लंड-अमेरिकेत आधीपासून होते. आज घरोघरी दिसणारे रूप मात्र स्वीडनच्या योहान पेटर योहान्सनचे. १८५३ साली जन्मलेल्या या कारागिराने १८८६ मध्ये एन्शोपिंग गावी कार्यशाळा काढली. असे सांगतात, की परिसरातली यंत्रे दुरुस्त करायला जाताना त्याला पान्यांचे ओझे वाहावे लागे. १८९० च्या दशकाच्या प्रारंभी त्याने एकाच पान्यात ते ओझे सामावले.

१९/
त्याची रचना पाहण्यासारखी आहे. एक जबडा दांड्याशी एकसंध, दुसरा खाचेत सरकणारा. सरकत्या जबड्याच्या खाली दाते, आणि त्यांत गुंतलेला आटे पाडलेला छोटा दंडगोल. अंगठ्याने तो फिरवला की जबडा पुढे-मागे होतो. जबड्याने दंडगोलाला ढकलायचे म्हटले, तर तो फिरत नाही. आट्यांचा चढ इतका कमी ठेवलेला असतो की घर्षणच त्याला अडवून धरते. म्हणून वेगळी कळ न लावताही माप जागच्या जागी राहते. कापसाच्या चरकीत वापरले जाणारे मळसूत्राचे तत्त्वच इथे वेगळ्या कामाला लावलेले आहे.

२०/
हा पाना कोणत्या बाजूला ओढायचा, याचाही नियम आहे. सरकता जबडा फिरवण्याच्या दिशेकडे असावा. तसे केले की मुख्य भार दांड्याशी एकसंध असलेल्या जबड्यावर, मुळाजवळ पडतो, आणि नाजूक जबड्यावर तुलनेने कमी ताण येतो. उलटा लावला तर सरकता जबडा फाकतो, माप सैल होते आणि नटाचे कोपरे जातात. अनुभवी मिस्त्री शिकाऊ मुलाला ‘पाना उलटा धरलास’ म्हणून रागावतो, त्यामागे हे गणित असते.

२१/
योहान्सनने त्याआधी, १८८८ साली, पाइप पान्याचे पेटंट घेतले होते. नळ गोल असतो, त्याला सपाट बाजू नसतात. मग पकड कशी मिळायची? उत्तर असे की ओढण्याचा जोरच पकडीत बदलायचा. दांडा जितका ओढावा, तितका दातेरी जबडा नळावर आवळला जातो. उलट दिशेने हलवला की पकड आपोआप सुटते. शेतातल्या विहिरीवरच्या पंपाचे पाइप उतरवताना हेच तत्त्व आजही वापरले जाते.

२२/
१९६९ साली टपारियाने हातअवजारांचे उत्पादन सुरू केले, तेही स्वीडनमधल्याच एका नामांकित कंपनीच्या तांत्रिक सहकार्याने. ज्या देशात आधुनिक सरकता पाना घडला, तिथले तंत्र गोदाकाठच्या जिल्ह्यात रुजले. पंजाबातील जालंधर हे तेव्हाही हातअवजारांचे मोठे केंद्र होते. तिथे फाळणीनंतर आलेल्या कारागिरांचे कसब होते. नाशिकच्या वाटचालीला आधार मिळाला तो नियोजित औद्योगिक वसाहतीचा.

२३/
चांगला पाना मुळात कसा होतो? ओतीव लोखंड ठिसूळ असते, म्हणून पाना घडवावा लागतो. क्रोम-व्हॅनेडियमसारख्या मिश्र पोलादाची कांब सुमारे १,१०० ते १,२०० अंश सेल्सिअसला तापवून, दोन साच्यांमध्ये हातोड्याखाली दाबतात. त्यामुळे धातूचे रेषे जबड्याच्या वळणाबरोबर वळतात, तुटत नाहीत. कडेचे जादा पोलाद कापतात, जबड्याचे माप अचूक करतात. मग येते ते लोहाराच्या भाषेतले ‘पाणी पाजणे’: तापवून एकदम थंड करणे आणि पुन्हा बेताने तापवणे. केवळ कठीण पाना काचेसारखा तडकतो, केवळ मऊ पाना फाकतो. या दोहोंमधला बिंदू साधणे हीच कारखान्याची खरी विद्या.

२४/
स्क्रूड्रायव्हरची कहाणी वेगळी. एकाच सरळ खाचेच्या स्क्रूवरून पाते सहज घसरते. कॅनडाच्या पीटर रॉबर्टसनने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात चौकोनी खळग्याचा स्क्रू बाजारात आणला. त्याची पकड उत्तम. १९३० च्या दशकात अमेरिकेतील हेन्री फिलिप्सने फुलीच्या खाचेचा प्रसार केला. फुलीत टोक आपोआप मध्यभागी बसते, त्यामुळे मोटार कारखान्यांच्या वेगवान जुळणीसाठी ती सोयीची ठरली. मात्र तिच्या कडा उतरत्या असल्याने जोर वाढला की टोक बाहेर फेकले जाते. म्हणून फुलीचा स्क्रू काढताना फिरवण्याइतकेच दाबणेही महत्त्वाचे.

२५/
घट्ट करण्यापेक्षा सोडवणे अधिक कठीण असते. गंजाचे आकारमान मूळ लोखंडापेक्षा जास्त असल्याने तो आट्यांमध्ये पाचर मारल्यासारखा बसतो. तेल किंवा रॉकेल मुरू देणे, हातोडीचे हलके ठोके देणे, नट तापवून किंचित प्रसरण पावू देणे, आधी जरासे आवळून मग सोडवणे: हे गॅरेजातले उपाय पदार्थविज्ञानाच्या कसोटीवर उतरतात. ठोक्यांनी गंजाचा बंध तडकतो, उष्णतेने नट बोल्टपेक्षा आधी फुगतो. पुस्तकात वाचण्याआधी हे ज्ञान हातांनी कमावलेले असते.

२६/
विमानाच्या बाबतीत हाताच्या अंदाजावर विसंबता येत नाही. तिथे ठरावीक पीळ मोजून देणारा टॉर्क पाना वापरतात, नट सुटू नयेत म्हणून तारेने बांधतात आणि काम संपल्यावर प्रत्येक अवजार मोजून परत ठेवतात. विमानाच्या पोटात विसरलेला एक पाना नियंत्रणाच्या सांध्यात अडकला, तर वैमानिकाचा जीव जाऊ शकतो. रूळमार्गावरच्या कीमनपासून विमानाच्या हँगरपर्यंत शंभर वर्षांत अवजारे बदलली, जबाबदारी मात्र तीच राहिली.

२७/
आता वर्तमान. स्क्रूचे मूळ वैशिष्ट्य हे, की ती उघडता येणारी जोडणी आहे. जे उघडते, ते दुरुस्त करता येते. अलीकडे अनेक फोन आणि उपकरणे चिकटवून बंद केलेली असतात, किंवा त्यांना सहजी न मिळणाऱ्या खाचेचे स्क्रू असतात. आयफोनवरचा पाच पाकळ्यांचा स्क्रू हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. व्हिटवर्थने जे सर्वांसाठी समान केले होते, ते इथे हेतुपुरस्सर वेगळे केलेले दिसते.

२८/
जगभर ‘दुरुस्तीचा हक्क’ मागितला जात आहे. भारतातही २०२२ साली केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने या विषयावर समिती नेमली. वस्तू विकत घेणाऱ्याला ती उघडण्याचा अधिकार आहे की नाही, हा त्यातला प्रश्न. इतिहास सांगतो की मापे आणि खाचा यांचे निर्णय केवळ तांत्रिक कधीच नव्हते. कोणत्या यंत्राला कोण हात लावू शकेल, हे त्यांतून ठरत आले आहे.

२९/
घरातल्या एखाद्या जुन्या पान्यावरचे आकडे एकदा वाचून पाहावेत. ‘W’ किंवा ‘BSF’ असेल, तर तो ब्रिटिश मापाचा. नुसता इंचाचा अपूर्णांक असेल, तर बहुधा अमेरिकी किंवा १९४८ नंतरच्या एकत्रित मापाचा. मिलिमीटर असतील, तर मेट्रिक. आजोबांच्या पेटीत हे तिन्ही एकत्र सापडले, तर ती पेटी भारताच्या औद्योगिक इतिहासाचे छोटे दप्तरच समजावे.

#नाशिक #औद्योगिक_इतिहास #तंत्रज्ञानाचा_इतिहास